धम्मानंदची आत्या

सिंधूताईंनी फोन कानाशी घट्ट धरला. "काय सांगतं वं मेघा? आमच्या धम्माचं नाव? कायले देलं?"

"एका लघुग्रहाला, मावशी. मंगळ आणि गुरूच्या मधल्या पट्ट्यातला आहे. सरांनी जन्मभर अशांच्याच कक्षा मोजल्या ना, म्हणून. आता त्याचं नाव धम्मानंद."

मेघाचे सर म्हणजे सिंधूताईंचा पाठचा भाऊ. दोन वर्षांपूर्वी गेला. लग्नच केलं नाही पठ्ठ्यानं. ताई हात धुऊन मागे लागायच्या, "मले आत्या कधी बनवतं गा? बाळाच्या कानात नाव सांगीन, बायांचे धपाटे खाईन!" तो हसून पुन्हा दुर्बिणीत डोकं घालायचा. मोहल्ल्यातल्या साऱ्या आत्यांच्या पाठीत ताईंनी दणदणीत धपाटे घातले, त्यांची स्वतःची पाठ मात्र कोरीच राहिली.

"अन् बारशाले आत्याले काहून नाही बोलावलं?" ताई तडकल्या.

मेघा गडबडली. "मावशी, समिती नाव मंजूर करते, मग छापून येतं. बारसं नसतं हो."

"मंग आजवर काय म्हणत त्याले?"

"नुसता नंबर. कक्षा पक्की ठरेपर्यंत नाव मिळत नाही."

"बिचारं! एकटंच फिरून राहिलं अन् नावानं हाक मारणारं कोणी नाही." ताईंनाही 'सिंधू' म्हणणारा धम्माच शेवटचा होता. "दिसते का कुठं?"

"नुसत्या डोळ्यांना नाही. पण सध्या संध्याकाळी पूर्वेला असतो."

ताईंनी घुगऱ्या शिजवल्या. शेजारच्या प्रीतीला, समोरच्या प्रेमलताबाईंना सांगून आल्या. कोणाचं बारसं ते ऐकून दोघी हसल्या. आता यात हसण्यासारखं काय होतं? पण प्रीतीला अचानक काम निघालं, प्रेमलताबाईंकडे पाहुणे आले. दिवेलागण झाली तरी कोणी फिरकलं नाही.

ताई एकट्याच गच्चीवर गेल्या. हुडकेश्वरच्या नव्या बिल्डिंगींमधून पूर्वेला थोडं आभाळ उरलं होतं. तिकडे तोंड करून त्यांनी ओठांशी हाताचा आडोसा धरला.

"कुर्रर्र... धम्मानंद!"

तो गेल्यापासून या नावानं त्यांनी हाकच मारली नव्हती.

मग रीतीप्रमाणे पाठ वाकवून त्या थांबल्या. कंबर दुखायला लागली तरी थांबल्या. जिन्यावर पाऊल वाजलं नाही. शेवटी खांद्यावरून हात मागे टाकून त्यांनी आपणच आपल्या पाठीत एक धपाटा घातला. हात पोचला तेवढाच लागला.