'सगळं छान' लिहिलेला फळा

मी एक जुना पांढरा फळा आहे. मोंतेविदेओच्या बंदराजवळ एका कचेरीच्या भिंतीवर मी टांगलेला आहे. दवाखान्यात रुग्णांना भेटीची वेळ देणारा कॉम्प्युटर प्रोग्राम इथली सहा माणसं तयार करतात.

मित्रांनो, माझेही सोन्याचे दिवस होते. दर दुसऱ्या शुक्रवारी सगळे माझ्यासमोर खुर्च्या ओढून बसत. 'माते' नावाच्या इथल्या कडसर चहाचं भांडं हातोहात फिरे. पंधरा दिवसांत काय जमलं, काय बिघडलं, पुढे काय बदलायचं, हे चिठ्ठ्यांवर लिहून मला चिकटवलं जाई. चिठ्ठीवर नाव नसे. 'विल्मार घाई करतो आणि निस्तरतो आम्ही' अशी चिठ्ठी निघाली, तेव्हा प्रमुख विल्मारच सगळ्यात जास्त हसला होता. पुढच्या खेपेला त्याने घाईही कमी केली. खरं सांगतो, मला तेव्हा फार अभिमान वाटे.

मग एकदा विल्मारने हौसेने माझा फोटो काढून वरच्या साहेबांना पाठवला. त्यात एक चिठ्ठी होती, 'तपासायला वेळच देत नाहीत.' तपासणीचं काम रोसिनाचं, आणि तिरपं अक्षरही तिचंच. साहेब खाली आले आणि सगळ्यांदेखत त्यांनी तिला फैलावर घेतलं. विल्मार शेजारीच उभा होता. त्याने ब्र काढला नाही.

त्यानंतरही शुक्रवार आले, चहाचं भांडं फिरलं, चिठ्ठ्याही लागल्या. पण प्रत्येकीवर एकच मजकूर: 'सगळं छान.' भरल्या खोलीत मी एकटा पडलो.

जूनमध्ये व्हायचं तेच झालं. प्रोग्रामने चाळीस म्हाताऱ्यांना एकाच डॉक्टरची एकच वेळ दिली. आमच्याकडे जून म्हणजे हिवाळा; ऐन थंडीत बिचारे दवाखान्याच्या दारात ताटकळले.

विल्मारने रोसिनाला माझ्यासमोरच विचारलं, "तुला ही चूक आधी दिसली होती?"

"दिसली होती."

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"एकदा बोलून पाहिलं होतं. तेव्हा तू कुठे तोंड उघडलंस?"

त्याच आठवड्यात ती नोकरी सोडून गेली. विल्मारने मला स्वच्छ पुसलं आणि एकच चिठ्ठी चिकटवली: 'मी गप्प बसलो. चूक माझी. विल्मार.' जिने ती वाचायला हवी होती, ती आता येणार नव्हती.

मित्रांनो, मला पुसायला ओलं फडकं पुरतं, माझी काळजी करू नका. पण कुणी खरं लिहिलं, तर अक्षर कुणाचं ते शोधत बसू नका. आधी चिठ्ठी वाचा.