सूचौच्या हवेची खळ

वरच्या डाव्या कोपऱ्यात कागद फळीपासून तांदळाच्या दाण्याएवढा सुटला होता. रुआन मिंगशूने चष्मा कपाळावर चढवला आणि नाक जवळजवळ टेकवून पाहिलं. सुटलेल्या जागेपासून एक चीर खाली गेली होती, केसाइतकी बारीक. शाईचा दाट थर लागला तिथे ती थोडी वळली होती. काल संध्याकाळी ती त्या वळणापर्यंत पोचली नव्हती.

हॉलमध्ये हीटर चालू होते. बाहेर गेंटचा डिसेंबर आणि आत कोरडी ऊब. ही पूर्वी कापडगिरणी होती. सूत तुटू नये म्हणून तेव्हा इथे मुद्दाम वाफ सोडत, असं कुणीतरी तिला सांगितलं होतं. आता सुताची काळजी कुणाला नव्हती आणि चित्रांची काळजी घ्यायची तर माणसांना थंडी वाजत होती.

प्रदर्शन शनिवारी उघडणार होतं. एकसष्टाव्या वर्षी, आपल्या देशाबाहेर, सगळ्या भिंतींवर फक्त तिची चित्रं. कागदावर शाईचे थरावर थर, राखाडीच्या नाना छटा. माणूस नाही, झाड नाही, डोंगर नाही. प्रदर्शनाची सगळी जुळवाजुळव करणारी लो जियाहुई मूळची छंगतूची, चाळिशीची, बोलायला तिखट. तिने चीर वाकून पाहिली. मग म्हणाली की इथे कागद दुरुस्त करणारी चांगली माणसं आहेत, बोलावू का. मिंगशूने नकारार्थी मान हलवली. ज्याने अस्तर लावलं त्यालाच विचारते, म्हणाली.

अस्तर लावणारा तिचा नवरा होता, तांग बोयुआन. मायदेशी, सूचौत, कालव्यालगतच्या गल्लीत त्याचं दुकान. चित्राच्या पाठीला खळीने कागदाचं अस्तर लावायचं, ओलं चित्र कडांनी भिंतीवर चिकटवायचं आणि ते तिथेच महिनोन्‌महिने वाळू द्यायचं, हा त्याचा धंदा. मिंगशू आठ वर्षांपूर्वी एका वर्षासाठी म्हणून गेंटला आली होती. मग दर वर्षी पुढच्या वसंतात परतायचं ठरत गेलं. भांडण कधी झालं नाही. ती इथे चित्रं काढी, गुंडाळून सूचौला पाठवी. तो अस्तर लावून, वाळवून परत पाठवी. रुआन-तांगचा संसार टपालखात्यावर चालतो, असं गल्लीतले लोक म्हणत.

फोनवर त्याने सगळं ऐकून घेतलं. चीर आडवी की उभी, हीटर किती लांब, एवढंच विचारलं आणि म्हणाला, "येतो."

जियाहुईने उद्घाटनासाठी त्याचा व्हिसा उन्हाळ्यातच काढून ठेवला होता. तिकीट मात्र त्याने काढलं नव्हतं. भिंतीवर ओली चित्रं आहेत, ती सोडून कुठे येऊ, हे त्याचं आठ वर्षांचं ठरलेलं उत्तर होतं.

विमानतळावर तो सगळ्यात शेवटी बाहेर आला. खळीसाठी गव्हाच्या चिकाची वाळवलेली पूड त्याने तीन पुड्यांत बांधून आणली होती आणि सामान तपासणाऱ्या बाईला ती काय आहे हे सांगता सांगता त्याची पुरेवाट झाली होती. शेवटी त्याने चिमूटभर तोंडात टाकून दाखवली म्हणे.

"मग?" मिंगशूने विचारलं.

"मग काय. तिला वाटलं, आता हा नशेत इथेच नाचायला लागणार. बराच वेळ बघत बसली माझ्याकडे."

त्याचे केस सगळे पांढरे झाले होते. फोनच्या पडद्यावर ते इतके पांढरे दिसत नसत. तिने त्याच्या हातातली एक पिशवी घेतली, त्याने दुसरी घेऊ दिली नाही.

टॅक्सीत त्याने गल्लीची बातमी सांगितली. गल्लीची डागडुजी होणार, सगळ्यांना हलवणार. वस्तीच्या कार्यालयाने दोन घरं दाखवली होती. एक शहराच्या कडेला, मोठं, उत्तरेकडून उजेड येणारी एक जादा खोली असलेलं. दुसरं कालव्याजवळच, पण एका माणसापुरतं. मोठं घर घेतलं तर दुकान बंद करावं लागेल, कारण तिथवर चित्रं घेऊन कोण येणार. परत गेल्या गेल्या उत्तर द्यायचं होतं. हे सगळं त्याने शेजाऱ्याची गोष्ट सांगावी तशा आवाजात सांगितलं आणि खिडकीबाहेर पाहत राहिला. चित्रं काढायला उत्तरेचा उजेड कुणाला लागतो हे दोघांनाही माहीत होतं.

"शनिवार होऊ दे," ती म्हणाली. "मग बोलू."

"होऊ दे की."

हॉलमध्ये त्याने कोट न काढताच कोपरा दोन बोटांत धरला. हलकेच चोळला, वास घेतला. जियाहुईने अदबीने विचारलं, "तांग सर, असं कशामुळे झालं असेल?"

"इथल्या कोरड्या हवेला खळ घट्ट झाली," तो म्हणाला. "चूक माझी आहे. टेबल मोठं लागेल, आणि ते शेगडीचं काय आहे ते बंद करा."

"मग माणसं गारठतील, सर."

"माणसांना कोट घालता येतात."

दोन दिवस मिंगशू आणि तो कोट घालून काम करत होते. चित्र पालथं घालून त्यावर पाण्याचा फवारा मारायचा, वाट पाहायची, जुनं अस्तर एका कडेने उचलून सोलत न्यायचं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांत तीच त्याच्यासमोर टेबलाच्या दुसऱ्या बाजूला उभी असे. तिच्या हातांना ते आठवत होतं. त्याने खळीचा कुंचा वर केला की तिने नवा कागद सैल धरायचा, तो पुढे सरकला की तिने मागे सरायचं. बोलायचं कारण पडत नव्हतं. तो मधूनच टोमणा मारी. "शाओ रुआन, श्वास तरी घे. कागद आहे, मूल नाही." साठी उलटलेल्या बाईला धाकटी रुआन म्हणणारा आता जगात हा एकच माणूस उरला होता.

नवी खळ त्याने इतकी पातळ केली की कुंच्यावरून ती पाण्यासारखी ओघळली. मिंगशू पाहत राहिली. सूचौच्या आषाढासारख्या दिवसांत, आलुबुखार पिकतात तेव्हाच्या त्या न संपणाऱ्या झडीत, असली खळ एका आठवड्यात सुटली असती. तिथे घट्टच लागते. पण हा माणूस चाळीस वर्षं उत्तरेकडच्या कोरड्या गावांसाठी पातळ आणि आपल्या गावासाठी घट्ट खळ करत आला होता. गिऱ्हाईक आलं की चित्र कुठे टांगणार हा त्याचा पहिला प्रश्न असे. त्याची अशी चूक होत नाही.

जियाहुई जेवायला गेल्यावर तिने विचारलं.

"ही चित्रं इथल्या हॉलसाठी आहेत, मी तुला दोनदा सांगितलं होतं."

"सांगितलं होतंस."

"तरी घट्ट केलीस."

तो कुंचा धुवत होता. पाणी बदललं, पुन्हा धुतला. "हॉल काय, दोन महिन्यांचा," तो म्हणाला. "चित्रं शेवटी परत येणार असं धरलं होतं मी. तिथल्या हवेत राहायचं तर तेवढी खळ हवीच."

"सगळी चित्रं?"

"आठ वर्षांची सगळी."

ती ओल्या चित्राच्या चारी कडा फळीवर दाबत राहिली. अंगठ्याखाली कागद थंड होता.

शनिवारी चित्र फळीसकटच टांगलं, पुरतं वाळायला अजून महिने होते. चीर दिसत नव्हती. म्हणजे तिला आणि त्याला दिसत होती, बाकी कुणाला नाही. पुष्कळ माणसं आली. एका म्हाताऱ्या जोडप्याने तिला सांगितलं की हे अगदी आमच्या नदीवरचं धुकं आहे. कुणाला त्यात लहानपणीची शाळेची पाटी दिसली. चित्रांना नावं नव्हती, नुसते आकडे होते, त्यामुळे कुणाचंच चुकत नव्हतं. मिंगशू मान डोलवून सगळ्यांचे आभार मानत होती. जियाहुई तिच्या कानाशी म्हणाली, "बाई, थोडं हसा. लोकांना वाटेल आपण कुणाच्या तरी दहाव्याला आलोय."

बोयुआन सगळ्या हॉलमधून एकदा चक्कर मारून शेवटच्या चित्रासमोर थांबला होता. सगळ्यांत मोठं, सगळ्यांत फिकं. ती जवळ गेली.

"हा आपल्या मागच्या दाराचा घाट," तो म्हणाला. "सकाळी, शेजारच्या छ्याओ काकू कोळशाची चूल पेटवायच्या तेव्हाचा. धूर पाण्यावरच बसायचा."

तिने ते कुणालाही सांगितलं नव्हतं. काढताना स्वतःशीही शब्दांत म्हटलं नव्हतं.

"तिथे होतीस तेव्हा हे का नाही काढलंस?" त्याने विचारलं. विचारण्यात तक्रार नव्हती. तेवढ्यात जियाहुई कुणाला तरी भेटवायला घेऊन आली.

रविवारी सकाळी तिने नूडल्स केल्या. दुपारी त्याचं विमान होतं. त्याने सूचौहून आणलेली खारवलेली मोहरीची पानं तिने वर घातली. वाफेने तिचा चष्मा धुरकटला, तो तिने पुसला नाही.

"मीठ विसरलीस," तो म्हणाला.

"पानांत आहे की."

"पानांतलं पानांना." पण रस्सा त्याने वाटी तोंडाला लावून पिऊन टाकला.

मग तो नेहमीसारखा गप्प बसून राहील असं तिला वाटलं होतं. आठ वर्षं त्याने कधी विचारलं नव्हतं. दर नव्या वर्षाच्या फोनवर ती वसंताचं म्हणायची आणि तो "बरं" म्हणायचा, आणि त्या "बरं"वर ती पुढचं वर्ष ढकलायची. आज त्याने चॉपस्टिक्स वाटीवर आडव्या ठेवल्या.

"मिंगशू, मोठं घर घेऊ का?"

त्याने तिला नावाने हाक मारली होती, धाकटी म्हणून नाही.

तीन वर्षांपूर्वी ती दोन महिने सूचौला राहून आली होती. तेव्हाचं तिला आठवलं. त्याने तिचं टेबल खिडकीपाशी ओढून ठेवलं होतं, शाई घोटून ठेवली होती. समोर घाट होता, धूर नसला तरी पाणी होतं, आणि शेजारच्या खोलीत तो खोकत होता. ती रोज कोऱ्या कागदासमोर बसे. काढावंसं काहीच वाटत नसे, कारण हवं ते सगळं खिडकीत होतं, भिंतीपलीकडे होतं. खांदा दुखतो, असं तिने त्याला सांगितलं. त्याने दोन महिने तिच्या खांद्याला औषधी तेल चोळून दिलं. इथे परतल्यावर सामान उघडायच्या आधी तिने कागद पसरला होता.

"माझा खांदा तेव्हा दुखत नव्हता," ती म्हणाली.

"माहीत आहे मला. डाव्या खांद्याला चोळायचो, तेव्हा उजवा पुढे करायचीस."

ती हसली, आणि मग तिला हसता येईना. तिने त्याला सांगितलं. तिथे असते तेव्हा मला काही लागत नाही, म्हणून काही होत नाही. इथे असते तेव्हा सकाळी डोळे उघडल्यापासून तो घाट लागतो, तू लागतोस, तुझ्या कुंच्याचा आवाज लागतो, आणि हात चालायला लागतो. यात शहाणपण आहे असं मी म्हणत नाही. मी पुष्कळदा स्वतःला समजावलं की आता पुरे, साठी झाली, घरी जाऊन बसावं. तुझ्यावर अन्याय आहे हेही मला कळतं, आणि दर वर्षी वसंत म्हणत राहिले हा त्याहून मोठा आहे.

त्याने ऐकून घेतलं, मघाशी रस्सा प्यायला होता तसं, शेवटपर्यंत. खाली रस्त्यावरून ट्राम गेली. टेबलावरच्या वाट्या किंचित थरथरल्या आणि थांबल्या.

"मला स्पष्ट शब्दांत सांग," तो म्हणाला. "कार्यालयातला पोरगा विचारेल. मी आठ वर्षं सगळ्यांना 'बघू' सांगतोय."

मिंगशूने चष्मा काढून टेबलावर ठेवला. चष्म्याशिवाय त्याचा चेहरा तिला राखाडीच्या दोन-तीन छटांत दिसत होता, पण तो कुठे आहे हे नीट कळत होतं. तिने त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"लहान घर घे," ती म्हणाली. "मी परत येणार नाही."