पंचमीची पट्टी

धार संस्थानात यांची नोकरी होती, तेव्हा आमच्या कोठीच्या खोलीत उंदरांसाठी एक धामण पाळलेली होती. दार आपटून तिची पाठ सोलवटली, म्हणून मी हळद-तेल लावून जुन्या लुगड्याची पट्टी बांधली. ऐन नागपंचमीला या भवानीने भला थोरला उंदीर गिळला! पोट फुगलं, पट्टी रुतली आणि तेलकट गाठ काही केल्या नखांनी सुटेना.

"माई, कात्री द्या!" मी सासूबाईंना हाक मारली.

"आज कापायचं नाही. नागाला इजा होते." कात्री, विळी, चाकू, सगळं त्यांनी आदल्या दिवशीच कुलपात घातलेलं.

माझं डोकंच फिरलं. "भिंतीवरच्या चंदनाच्या नागाला जपताय, आणि ही खरी इथे गुदमरतेय!"

माईंनी भिंतीकडे पाहिलं, मग धामणीकडे. पदर खोचून त्या खाली बसल्या आणि उरल्यासुरल्या दातांनी त्यांनी पट्टी टरकन फाडली. धामण सळसळत पोत्यांमागे गेली.

तोंडाची हळद पुसत माई म्हणाल्या, "कापायचं नाही म्हटलं होतं. चावायचं नाही, असं कुठे म्हटलं?"