पाचव्या कप्प्यातली एकवीस कार्डं

मी एक जुनी शब्दपेटी आहे. मित्रांनो, पेटीला पोट असतं, पण बोलायला तोंड नसतं. याचं मला आयुष्यात एकदाच फार वाईट वाटलं, तेच सांगते.

एका सुताराने दाराच्या उरलेल्या फळ्यांतून मला घडवलं आणि पोटात पाच कप्पे पाडले. मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवणाऱ्या बाईंनी मला वर्गात खिडकीपाशी ठेवलं. प्रत्येकाच्या कार्डांचा रंग वेगळा आणि एका कार्डावर एकच इंग्रजी शब्द. नवा शब्द पहिल्या कप्प्यात जाई. तो वाक्यात नीट वापरता आला की पुढच्या कप्प्यात. विसरला की मुकाट्याने पुन्हा पहिल्यात. कार्ड ज्याचं त्यानेच सरकवायचं, असा बाईंचा नियम होता. पाहुणे माझं कौतुक करत आणि मी लाकडाची असूनही फुगत असे.

या वर्गात दोन जावा येत. दोघी एकाच दवाखान्यात परिचारिका होत्या आणि तो दवाखाना महिनाअखेर बंद होणार होता. मोठ्या रुग्णालयात जागा होत्या, पण तिथे इंग्रजी हवंच होतं. धाकटीची हिरवी कार्डं भराभर पुढे जात. थोरलीची मोजकी पिवळी कार्डं पाचव्यात पोचली होती, बाकीची मात्र पहिल्या कप्प्यातच ठाण मांडून बसली होती. घरी सासूबाई दोघींना रोज विचारत, कुणाची किती कार्डं पुढे गेली? थोरलीला मेल्याहून मेल्यासारखं होई. एके दिवशी बाई खडू आणायला गेल्या, तेव्हा तिने एकवीस कार्डं उचलली आणि थेट पाचव्या कप्प्यात ठेवली. मी ओरडणार कशी? बाईंनी नुसते कप्पे पाहिले आणि शिफारसपत्र लिहून दिलं. मला बाईंचाही राग आला.

मग मोठ्या रुग्णालयाच्या मुख्य परिचारिका, म्हणजे मेट्रन, वर्गातच परीक्षा घ्यायला आल्या. त्यांनी थोरलीला समोर बसवलं आणि माझ्या पाचव्या कप्प्यातून पिवळी कार्डं काढली. पहिलं तिला आलं. दुसरंही आलं. तिसरं चक्कर येण्याबद्दलचं होतं, त्या एकविसांतलंच.

"रुग्ण पलंगावरून उठतोय. हा शब्द वापरून त्याला विचारा."

थोरलीने कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं. मेट्रनच्या पाठीमागून धाकटी ओठ हलवून उत्तर सुचवू लागली. थोरलीने ते पाहिलं आणि मान फिरवली.

"मला येत नाही," ती म्हणाली. "अशी एकवीस आहेत. ती मीच पुढे सरकवली."

बाईंचा चेहरा उतरला. मेट्रननी तिचं नाव खोडलं, पुढची निवड तीन महिन्यांनी आहे असं सांगितलं आणि धाकटीला बोलावलं. धाकटीला जागा मिळाली.

सगळे गेल्यावर थोरली एकेक कार्ड पहिल्या कप्प्यात परत ठेवू लागली. तेवढ्यात धाकटी आली आणि खुर्ची ओढून शेजारी बसली.

"ताई, ते चक्करवालं माझ्याकडे द्या. मी विचारते."

"आज नको गं."

"आजच."

पुढचे तीन महिने थोरली कामाविना होती. ते तिला फार जड गेले. मग तिलाही जागा मिळाली. बाई मात्र त्या दिवसापासून कप्पे पाहत नाहीत, माणसाला विचारतात.

आता माझी बिजागरी निखळली आहे. मित्रांनो, मला कधीमधी पुसलंत तरी पुरे. पण पहिल्या कप्प्याची लाज बाळगू नका, आणि कुणी तिथे अडकलेलं दिसलं तर त्याच्या शेजारी जाऊन बसा.