दहावी बरणी

“ताई, शोभेला ठेवा, पण हिच्या पोटात खायचं-प्यायचं काही घालू नका,” मला विकताना कारखान्यातल्या मिस्त्रींनी तीनदा बजावलं. “अहो काका, धुतलं की झालं!” म्हणत बाईंनी मला उचललं.

मित्रांनो, मी चिनी मातीची एक जुनी, तपकिरी बरणी. भट्टी पेटलेली असताना आत मीठ फेकतात, तेव्हा कुठे अंगावर अशी संत्र्याच्या सालीसारखी चकाकी येते. भांड्यांवर धातूचा मुलामा चढवणाऱ्या त्या कारखान्यात मी तीस वर्षं ॲसिड सांभाळलं. त्यातले धातू माझ्या बारीक भेगांत मुरले. मला हात लावला की मिस्त्री कोपरापर्यंत हात धुवायचे, मगच जेवणाचा डबा उघडायचे. याला म्हणतात मान राखणं!

बाईंकडे आधीच्या नऊ बरण्या होत्या, मी दहावी. पोटात वाळक्या फांद्या, मागे दिवा. “अय्या, कसली अँटिक आहे गं!” हे बाईंच्या सगळ्या मैत्रिणी म्हणाल्या. मी आयुष्यभर काय केलं, हे एकीनेही विचारलं नाही.

मग एका रविवारी पाहुणे जमले. एक मैत्रीण म्हणाली, “सरबत हिच्यातूनच दे ना, फोटो झकास येतील.” फांद्या उपसल्या, मला दोनदा विसळलं आणि लिंबाचं सरबत ओतलं. आंबटाने मुरलेलं विष सुटतं. मला तोंड आहे, वाचा नाही! बाईंची चार वर्षांची लेक खेळून घामाघूम आली आणि पहिले दोन पेले तीच घटाघटा प्यायली.

बाकीच्यांचे पेले भरायच्या आत ती पोट धरून खाली बसली.

डॉक्टरांनी भांडंच मागवलं. तळ खरवडून विचारलं, “आधी यात काय होतं?” बाईंनी मिस्त्रींचं बजावणं सांगितलं. आजी कडाडल्या, “सूनबाई, फोटोपायी लेकरू घालवत होतीस!”

पोरगी वाचली. अजून जिना चढताना तिला धाप लागते. आणि बाई मला म्हणतात अवदसा! अवदसा मी? मी बापडी कपाटावर गप्प बसले होते!

ते राहू द्या. मी विकले गेले त्या दिवशी मला कागदात गुंडाळून झालं, तेवढ्यात माझी जोडीची, तसंच ॲसिड सांभाळलेली बरणी एका तरुण बाईने उचलून नेली. तिच्या कडेवर बाळ होतं. मिस्त्री हात धुवायला गेले होते, तिला कुणी काहीच सांगितलं नाही. मित्रांनो, माझं काय झालं ते नका पुसत बसू. तुमच्या ओळखीत कुणाकडे अशी बरणी असेल, तर आजच जा. झाकण उघडून आत काय ठेवलंय ते बघा. आणि बाळ कसं आहे, विचारा.