कीबोर्डमधला कापूस

नाजियाला, माझ्या मुलीला, जेद्दात मुलगी झाली. तिच्या शेजारणीकडे कॅमेऱ्याचा कॉम्प्युटर होता, पण शेजारीण शनिवारी मुलखाला परतणार होती. म्हणजे नातीचं तोंड बघायचं तर जुम्याच्या दुपारीच. नाहीतर जावयाला सुट्टी मिळून ते इकडे येतील तेव्हा, आणि ती केव्हा मिळेल ते अल्लालाच ठाऊक.

मी वलगावचा अब्दुल गफ्फार, गादी-रजईवाला. दुकानामागे दोन खोल्या आहेत, त्यात मी एकटा. बायको नईमा अल्लाला प्यारी झाली. कापसाचे भाव पडल्यापासून लग्नातही कोणी नवी गादी भरून घेत नाही, म्हणून मुलगा रय्यान हैदराबादला नोकरीला गेला. जाताना म्हणाला, "अब्बा, कॉम्प्युटरमंदी लिनक्स टाकून देलं. फुकट आहे, व्हायरसचं टेन्शन नाही." नवं काही आत घ्यायलाच ते तयार नसतं, हे मात्र बोलला नाही. तोंड बघत बोलायचा प्रोग्राम मी अमरावतीहून सीडीवर आणला. क्लिक करून करून बोट दुखलं. सीडीवाला दुकानदार म्हणतो, "चाचा, हे विंडोजचं आहे, तुमच्या मशीनवर नाही चालत."

जुम्याची नमाज पढून आलो आणि रय्यानला फोन लावला. त्यानं एक काळी खिडकी उघडायला लावली आणि इंग्रजी ओळ अक्षर अक्षर सांगून लिहून घेतली.

"आता पासवर्ड मांगते, तो टाका. बाकी आपोआप होते. मी मीटिंगमंदी चाललो." ठेवला फोन.

पासवर्ड टाकला. पडद्यावर काहीच उमटेना. पुन्हा दाबलं, जोरात दाबलं, तरी ठणठण गोपाळ. आता पिंजाऱ्याच्या घरात बटण चालेनासं झालं तर माणसाला दुसरं काय सुचणार? कापूस! आमच्याकडे पंखा अडला तरी कापूस, शिलाई मशीन अडली तरी कापूस. दाभण घेतला आणि बटणं उचकटत बसलो. खालून पुंजके निघालेसुद्धा! मला वाटलं, जिंकलो. पण बटणं परत बसवताना काही फुटली, काही बसेचनात, आणि दुपार निघून गेली.

संध्याकाळी रय्यानचा फोन आला. सगळं ऐकून म्हणाला, "अब्बा, पासवर्ड दिसतच नसते. तसाच टाकून एंटर माराचं होतं."

"मंग सांगितलं काहून नाही?"

"सगळ्याईले मालूम असते ते."

हे सगळे राहतात कुठं, मला एकदा पत्ता द्या. वलगावात तर मला कोणी भेटलं नाही.

मग नाजियाचा फोन. "खूप वेळ कॉम्प्युटरसमोर घेऊन बसली होती मी तिले, अब्बा. नवा फ्रॉक घातला होता. आता झोपली."

"कोणावर गेली?"

"अम्मीवर. हनुवटी तर अम्मीचीच आहे. अब्बा? रागावले का?"

रागावलो नव्हतो. नईमाची हनुवटी मला पुन्हा बघायला मिळाली असती. पासवर्ड मी पहिल्याच खेपेला बरोबर टाकला होता.