वैशाखात कानावर घोंगडी

मी एक जुनी पट्टी आहे. घोंगडीच्या काठाकडची, चार बोटं रुंद, काळी आणि खरखरीत. मला चिंधी म्हणालात तर मी बोलणं इथंच थांबवीन. जिचा उपयोग संपला ती चिंधी. माझा उपयोग कधी संपला नाही, तो संपवायला मात्र पुष्कळजण टपले होते.

मित्रांनो, माझी लोकर सांगोल्याकडच्या माळावरच्या मेंढरांची. सिद्धाप्पाच्या कळपातली. त्याच्या बायकोनं, मायाक्कानं, ती कातली. गावच्या सणगरानं मागावर घोंगडी विणली, तिला चिंचोक्याची खळ चोपडली आणि कडक उन्हात ताणून वाळवली. ती खळ अजून अंगात असेल, म्हणून मला वाकायला फारसं जमत नाही.

बहात्तरच्या दुष्काळात सिद्धाप्पाचा कळप गेला. त्याची लेक बनाबाई सोलापूरला सूतगिरणीत कामाला निघाली, तेव्हा मायाक्कानं मला, म्हणजे त्या अख्ख्या घोंगडीला, तिच्या खांद्यावर टाकलं. "थंडीवाऱ्याला हुईल गं," ती म्हणाली. सोलापुरात कसली आलीय थंडी! बनाबाईनं मला पेटीच्या तळाशी ठेवलं आणि विसरून गेली. तीन वर्षं मी त्या अंधारात पडून होते. मला रागही आला होता आणि रडूही आलं होतं.

पुढचं मला नंतर कळलं, ते आता सांगते. बनाबाईच्या खात्यात कांड्यांवरचं सूत मोठ्या कोनांवर गुंडाळायचं काम चाले. सूत तुटलं की चटकन गाठ मारायची. हवा कोरडी पडली की सूत फार तुटतं, म्हणून छताखालून पत्र्याचा मोठा चौकोनी नळ नेला होता आणि त्यातून दिवसभर गार, ओली हवा सोडत. बाहेर अख्खं शहर भट्टी झालेलं असताना त्या नळाच्या तोंडाखाली उभं राहायला मिळणं म्हणजे केवढं भाग्य! त्या जागेसाठी बायका एकमेकींशी भांडत.

खात्यावरची नाईकीण होती कमलम्मा. बायकांना कामं वाटून देणारी, विणकर तेलुगू घरातली, आवाजानं मशीनलाही दबवणारी. पहिल्याच मे महिन्यात बनाबाई उकाड्यानं चक्कर येऊन पडली. कमलम्मानं तिच्या तोंडावर पाणी मारलं आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तिला ती गार जागा दिली. बाकीच्या बायका महिनाभर धुसफुसत होत्या. सोलापूरचं माणूस दुसऱ्याला याहून मोठं काय देणार?

आणि त्याच देण्यानं बनाबाईला जीव नकोसा केला. दोन वर्षांत नाक कायमचं चोंदलं. भुवयांच्या वर आणि गालांच्या हाडांत ठणका बसला. सुताला गाठ मारायला खाली वाकली की कपाळात कुणी घण घालतंय असं वाटायचं. रोज घरी येऊन ती वाफ घ्यायची, ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून कपाळ शेकायची. सकाळी जरा बरं वाटायचं, गिरणीतली कामाची पाळी सुरू झाली की पुन्हा तेच.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, "याला सायनस म्हणतात. गार हवेत जाऊ नका."

"म्या कुटं जाती, डॉक्टर? हवाच माज्याकडं येती की," बनाबाई म्हणाली.

तिनं जागा बदलून मागितली, तेव्हा कमलम्मा दुखावली. "मी भांडण अंगावर घेऊन जागा दिली तुला. आता ती पण नको?" बनाबाई तेव्हा बदली कामगार होती. नाव कायम व्हायचं होतं, आणि ते मशीन सोडलं की तिच्या कामाच्या दिवसांची गिनती पुन्हा पहिल्यापासून सुरू होणार होती. गावी परत जावं तर मेंढरं नव्हती. म्हणजे त्याच जागेवर, त्याच वाऱ्यात उभं राहून निभवायचं, दुसरी वाट नव्हती.

मग एका वैशाखात पेटी उघडली. बनाबाईनं मला बाहेर काढलं, उन्हात झटकलं आणि कात्री घेतली. घोंगडी कापली जात होती तेव्हा मी ओरडले असते, पण तिचे सुजलेले डोळे पाहिले आणि गप्प बसले. मशीनजवळ कपड्याचं लोंबतं टोक चालत नाही, ते ओढलं गेलं तर माणूस जायचा. म्हणून तिनं गाठ ठेवलीच नाही. मला कपाळावरून, कानांवरून मागं नेऊन दोन बटणांनी घट्ट बसवलं.

त्या दिवशी खात्यात जे हसू उसळलं ते मी विसरणार नाही. बाहेर डांबर पाघळत होतं आणि ही बाई कानाला घोंगडी बांधून आली होती! शेजारच्या मशीनवरची महानंदा म्हणाली, "बने, शेगडी पन आणायची की गं संगट!" बनाबाई सुताला गाठी मारत राहिली. मी तिच्या कपाळाला टोचत होते, घामोळं उठवत होते, पण वारा आत शिरू देत नव्हते. दुपारपर्यंत ठणका निम्म्यावर आला. मला एवढा आनंद झाला की त्या हसणाऱ्या बायकांना मी मनातल्या मनात दात दाखवले.

पण मित्रांनो, माझीही एक चूक आहे आणि ती मी लपवणार नाही. माझे केस गळतात. महिन्याभरात विणाई खात्याकडून तक्रार आली, की पांढऱ्या कापडात काळा केस विणला गेलाय. आमच्या खात्याचे मास्तर, म्हणजे कमलम्माच्याही वरचे साहेब, तो कापडाचा तुकडा नाचवत आले. "हे कुणाचं?"

"माजंच हाय," बनाबाई म्हणाली. तिनं सबब सांगितली नाही.

"मेंढरांचा वाडा समजलीस का हा? उद्यापासून हे डोक्यावर दिसता कामा नये."

मला खाली मान घालावीशी वाटली. पण बनाबाईनं घरी जाऊन पांढऱ्या मांजरपाटाची दुहेरी पिशवी शिवली, तिच्या आत मला घातलं आणि चारी बाजूंनी बारीक टाके मारले. आता माझा एक केस बाहेर येईल तर शपथ. माझा काळा रंग कुणाला दिसेना, याचं वाईट वाटलं. पण काम करायला रंग कुठं लागतो? दुसऱ्या दिवशी ती मला घालून पुन्हा त्याच जागी उभी राहिली.

मास्तरांनी तिचे आठ दिवसांचे कोन तपासले. केस मिळाला नाही. तरी त्यांचा हट्ट सुटेना. "आज हिला दिलं तर उद्या सगळ्या गोधड्या घेऊन येतील. हिला काही झालेलं नाही, सोंग आहे. ते काढ, नाहीतर या महिन्यात कायम करायच्या यादीत तुझं नाव जाणार नाही."

सगळ्या बायकांचे हात तुटलेल्या सुतावर तसेच थांबले. बनाबाईनं दोन्ही हातांनी मला घट्ट धरलं. "काडत न्हाय," ती म्हणाली. "म्या सोंग केलं आसंल तर काडून टाका कामावरनं. पर ह्ये काडत न्हाय."

तेवढ्यात कमलम्मा पुढं आली. वर्षभर ती बनाबाईशी कामापुरतंच बोलत होती. "मास्तर, यादी उद्या द्या," ती म्हणाली. "ही जागा मी दिली. आज पाळीभर मी इथं उभी राहते, डोक्यावरचा पदर काढून. सोंग आहे का खरं आहे, मला बघू द्या."

मास्तर हसून हो म्हणाले. कमलम्मा नळाच्या तोंडाखाली बनाबाईच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली आणि तिच्या बरोबरीनं गाठी मारू लागली. वारा तिच्या पांढऱ्या केसांतून जात होता. मी मनात म्हणत होते, शिंक बाई, एकदा तरी शिंक! तिचं कपाळ दुखावं, नाक चोंदावं, असं मी त्या दिवशी मागितलं. वाईट मागितलं, पण मागितलं.

पाळी सुटली. मास्तर आले. सगळ्या बायका डबे हातात घेऊन थांबल्या.

"काय कमलम्मा? काय झालं तुम्हाला?"

"काही नाही झालं," कमलम्मा म्हणाली. "लई बरं वाटलं. झोप येत होती."

माझ्या आतला धागा न् धागा गार पडला. बनाबाईनं डोळे मिटले. मास्तर म्हणाले, "मी काय सांगत होतो? सोंग!"

"थांबा, माझं झालं नाही बोलून," कमलम्मा म्हणाली. "बारा वर्षं झाली, माझे गुडघे दुखतात. जिना उतरताना भिंत धरते. तुमचे दुखतात का, मास्तर?"

"माझे कशाला दुखतील?"

"मग मी सोंग करते?"

मास्तर स्वतःच्या गुडघ्यांकडे बघू लागले.

"वारा मला लागला नाही, म्हणून हिला लागत नाही, असं कसं?" कमलम्मा म्हणाली. "मी दिलं ते मला चांगलं होतं. हिला नव्हतं. चूक माझी झाली. यादीत नाव घाला." आणि सगळ्यांसमोर तिनं बनाबाईच्या कपाळावरची माझी सरकलेली कड नीट करून कानावर ओढली.

त्या महिन्याच्या यादीत बनाबाई सिद्धाप्पा हे नाव होतं. नळ जिथं होता तिथंच राहिला, आजारही पुरता गेला नाही. थंडीच्या दिवसांत तिचं कपाळ अजून धरतं. पण ती उभी आहे आणि मी तिच्या कपाळावर आहे. आता एकोणऐंशी साल चालू आहे. कसरीनं मला दोन ठिकाणी खाल्लंय, मांजरपाटाची ही तिसरी पिशवी आहे. खात्यात आणखी तिघी कानाला पट्टी बांधतात. चौथी आहे महानंदा, आणि तिला मी अजून माफ केलेलं नाही.

मित्रांनो, तुमच्या वर्गातही कुणीतरी पंख्याखालून उठून कोपऱ्यात जाऊन बसत असेल, उन्हाळ्यात कानाला रुमाल बांधत असेल. त्याला हसू नका. तुम्हाला जे गार आणि गोड लागतं, ते त्याच्या कपाळात घण घालत असेल. आपल्या अंगानं दुसऱ्याचं दुखणं मोजू नका, त्याला विचारा. आणि कानाला रुमाल बांधणारे तुम्हीच असाल, तर कुणी कितीही हसलं तरी तो सोडू नका.